फायलीत नसलेली पुडी

नागपूरच्या रुग्णालयातील त्या छोट्या खोलीत डॉक्टरांनी रक्ततपासणीचा कागद दोनदा वाचला आणि काकूला विचारले, ‘‘आमच्या औषधांशिवाय आणखी काही सुरू आहे का? काढा, पुडी, जडीबुटी, काहीही?’’ काकूने ‘‘नाही’’ म्हटले. मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. तिच्या पिशवीतल्या स्टीलच्या डब्यात ज्या पुड्या होत्या, त्या माझ्याच दवाखान्यात, माझ्याच हाताने बांधलेल्या होत्या आणि तरीही मी एक शब्द बोललो नाही. कागदावर एसजीपीटीचा, म्हणजे यकृत दुखावले की वाढणारा, आकडा २१० होता. तो साधारणपणे ४०च्या आसपास किंवा त्याखाली असायला हवा. त्या दिवशीची केमो दिली गेली नाही आणि जवळपास दोनशे किलोमीटरचा प्रवास करून गेलेले आम्ही तिघे दुपारच्या एसटीने परत निघालो.

मी बी.ए.एम.एस. आहे. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात गेली सतरा वर्षे मी दवाखाना चालवतो. आयुर्वेदावर माझा विश्वास आहे, तो पोटापाण्यापुरता नाही. म्हणूनच ही हकिकत लिहायला मला इतका वेळ लागला.

काकूला डाव्या स्तनातली गठान पहिल्यांदा जाणवली ती तीन वर्षांपूर्वी, कापूस वेचणीच्या दिवसांत. तेव्हा ती ४६ वर्षांची होती. गठान दुखत नव्हती आणि जे दुखत नाही त्यासाठी वेचणीचा रोज बुडवून दवाखान्यात जायचे नसते, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. घरात वैद्य पुतण्या असूनही तिने मला सांगितले नाही, कारण पुतण्याला अशा जागेचे दुखणे कसे सांगावे, असे तिला वाटले. तिने आठवडी बाजारातल्या एका जडीबुटीवाल्याकडून लेप आणला. त्या लेपात बिब्बा होता. बिब्ब्याच्या तेलाने कातडी कशी भाजते, हे जंगलात बिब्बे वेचणाऱ्या कोणालाही विचारावे; काकूच्या छातीवर फोड आले, ते फुटले आणि जखम झाली. जडीबुटीवाल्याने त्याचा अर्थ ‘‘आतलं विष बाहेर निघून राहिलं’’ असा सांगितला. या सगळ्यात पाच महिने गेले. माझ्या पत्नीच्या लक्षात आले तेव्हा सुपारीएवढी गठान लिंबाएवढी झालेली होती आणि काखेतही एक गाठ हाताला लागत होती.

त्यानंतरचा महिना ‘‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’’ या समजुतीशी भांडण्यात गेला. हा समज आमच्या भागात इतका घट्ट आहे, की शिकलेली माणसेही तपासणीच्या सुईला घाबरून परत येतात. वास्तविक त्या तुकड्याशिवाय गाठ कसली आहे, ती संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) वाढणारी आहे की नाही आणि तिला कोणते औषध लागू पडेल, यातले काहीच ठरत नाही. काकूची गाठ संप्रेरकांवर वाढणारी निघाली. आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग शस्त्रक्रिया, मग शेक (किरणोपचार) आणि नंतर काही वर्षे संप्रेरकांना अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी असा क्रम ठरला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव बसल्यामुळे वावर विकण्याची वेळ आली नाही, एवढे समाधान होते.

केमोच्या लाल रंगाच्या औषधाच्या पहिल्या दोन सायकलींतच काकूचे केस गेले, तोंड आले, अन्नावरची वासना उडाली. घरातली मोठी माणसे माझ्याकडे पाहू लागली. तू एवढा वैद्य, तुझ्याजवळ काहीच नाही का, असा प्रश्न कोणी तोंडाने विचारला नाही, पण जेवताना तो पंगतीत बसलेला असायचा. मग मी औषधे सुरू केली. अंगणातल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा, अश्वगंधा, हळद आणि पिंपळीचे चूर्ण, शिवाय एका कंपनीची तयार वटी. ताकद टिकावी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पडू नयेत, हा हेतू होता. हेतूत खोट नव्हती, पण त्यात काळजीइतकाच अहंकारही होता, हे आता मला दिसते.

परतीच्या एसटीत मी काकूला विचारले, की तू नाही का म्हणालीस. ती म्हणाली, ‘‘खरं सांगतलं असतं त त्यायनं इलाज बंद केला असता, अन् तुह्यं नाव खराब झालं असतं.’’ तिने माझे नाव राखण्यासाठी स्वतःच्या यकृताबद्दलची माहिती लपवली होती. मी तर काहीही कारण नसताना लपवली होती.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून सगळे सांगितले. ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती, किंबहुना ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी फक्त चार गोष्टी विचारल्या: काय दिले, किती दिले, केव्हापासून दिले आणि त्यात धातूचे भस्म आहे का. पहिल्या तिन्हींची उत्तरे मी वही पाहून दिली. चौथ्याचे उत्तर मला त्या वटीबद्दल खात्रीने देता आले नाही. वेष्टनावर वनस्पतींची नावे होती, पण प्रत्यक्षात आत काय असेल याची हमी मी कशाच्या जोरावर देणार होतो? अमेरिकेत बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतल्या दर पाचांपैकी एकात शिसे, पारा किंवा सोमल (आर्सेनिक) सापडले होते. आमच्या व्यवसायात त्या अहवालाला परदेशी कट म्हणून झटकून टाकण्याची पद्धत आहे. मीही तो तसाच झटकला होता.

सगळे बंद केल्यावर आकडा खाली यायला अडीच आठवडे लागले आणि केमो एकूण १९ दिवस लांबली. गुळवेलीने यकृत दुखावले, की लाल औषधांनी, की दोहोंनी मिळून, हे आजही कोणी सांगू शकत नाही. माझ्या मते खरे नुकसान हेच आहे. दोन औषधे चालू असताना एक लपवलेले असेल, तर बिघाड कोठून आला हे शोधण्याचा रस्ताच बंद होतो आणि मग डॉक्टर जे औषध उपयोगी पडत असते त्याचाच डोस कमी करण्याचा विचार करू लागतात. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडकाळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असा आक्षेप घेतला. हा वाद पुढे कोणीही जिंको; ज्या बाईचे यकृत दर तीन आठवड्यांनी केमोचे ओझे वाहत होते, तिच्यावर त्या वादाचा निकाल लावून पाहण्याचा अधिकार मला नव्हता.

पिंपळीची गोष्ट मला अधिक लागली, कारण ती मला माहीत असायला हवी होती. चरकाने आपल्या संहितेतल्या विमानस्थान या भागाच्या पहिल्याच अध्यायात तीन पदार्थ अति वापरू नयेत म्हणून सांगितले आहेत: पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळी योगवाही आहे, म्हणजे जिच्याबरोबर जाईल तिचा गुण ती वाढवून नेते, हे आम्ही परीक्षेपुरते पाठ करतो. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांना हळदीतील कर्क्युमिनबरोबर पिंपळी-मिऱ्यातील पायपरीन दिले, तेव्हा रक्तात उतरणाऱ्या कर्क्युमिनचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढले. हे वाढणे जादूने होत नाही. आतड्यात आणि यकृतात औषधे मोडून बाहेर टाकणारी जी यंत्रणा आहे, तिला पायपरीन थोपवून धरते. तीच यंत्रणा केमोची अनेक औषधेही मोडते. काकूला पुढे पॅक्लिटॅक्सेल द्यायचे होते. त्याचा डोस उंची आणि वजन पाहून मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि यकृताची स्थिती पाहून कमी करतात. एवढ्या मोजूनमापून द्यायच्या केमोच्या औषधांबरोबर मी रोज सकाळी चमचाभर योगवाही द्रव्य देत होतो.

टॅमॉक्सिफेनचेही तसेच आहे. ती गोळी यकृतात गेल्यावर तिचे जे रूप खरे काम करते, त्याचे रक्तातील प्रमाण कर्क्युमिन आणि पायपरीन एकत्र घेतल्यास सुमारे १२ टक्क्यांनी घटते, असे नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या २०१९च्या अभ्यासात दिसले. अभ्यास लहान होता. तरीही वरणातली हळद वेगळी आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या, हे मी आता प्रत्येक रुग्णाला सांगतो. वरणातली हळद कोणी बंद करू नये. तिच्याविना वरण कोण खाणार? शतावरीही मी संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठीत देत नाही, कारण तिच्यात स्त्री-संप्रेरकासारखे वागू शकणारे घटक आहेत.

आमच्याच ग्रंथांचा आधार देऊन शस्त्रक्रिया टाळणारे वैद्य मला भेटतात, तेव्हा मी त्यांना सुश्रुत उघडायला सांगतो. अर्बुदाचे, म्हणजे अशा गाठीचे, वर्णन करताना सुश्रुताने ते पिकत नाही, खोल रुजते आणि हळूहळू वाढते असे म्हटले आहे, काही प्रकार असाध्य ठरवले आहेत आणि चिकित्सास्थानात स्पष्ट लिहिले आहे, की अर्बुद काढताना शेष ठेवू नये. उरलेला अंश पुन्हा वाढतो आणि उरलेल्या विस्तवासारखा रोग्याचा घात करतो. ज्या परंपरेने हे लिहून ठेवले, तिच्या नावाने गठानीवर बिब्ब्याचा लेप लावून पाच महिने घालवणे याला मी आयुर्वेद म्हणायला तयार नाही.

‘‘केमो म्हणजे रसायन, आपले म्हणजे झाडपाला’’ ही विभागणीही टिकत नाही. काकूला दिलेले पॅक्लिटॅक्सेल हे मुळात एका झाडाच्या सालीतून मिळाले आणि ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारचे. १९७१ साली त्यांनी मन्रो वॉल यांच्याबरोबर त्याची रचना प्रसिद्ध केली. आमच्या प्रत्येक अंगणात फुलणाऱ्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन निघतात. हे कळले की लोक सदाफुलीची पाने चावायला लागतात, म्हणून पुढचेही सांगावे लागते: टनभर वाळलेल्या पानांतून काही ग्रॅमच व्हिन्क्रिस्टिन हाती येते, ते फक्त शिरेतून द्यायचे असते आणि शिरेबाहेर सांडले तर तिथले मांस सडते. ज्याला आपण विष म्हणतो तो सोमलही मोजून, शुद्ध करून रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात जगभर वापरला जातो. झाडपाला की रसायन, यापेक्षा किती, कोठून आणि कोणाच्या नजरेखाली, हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटू लागले आहेत.

मग वैद्याने करायचे तरी काय? पुष्कळ आहे, पण ते गाठीच्या आसपासचे आहे, गाठीवरचे नाही. काकूच्या उरलेल्या उपचारांत आम्ही पोटात घ्यायची माझी सगळी औषधे थांबवली आणि आहारावर आलो. साळीच्या लाह्यांचे पाणी, मुगाचे कढण, तूप घातलेला मऊ भात, जिऱ्याचे ताक. मळमळीसाठी उलटी थांबवणाऱ्या गोळीबरोबर आले, डॉक्टरांना विचारून. अमेरिकेत ५७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत अर्धा ते एक ग्रॅम आल्याने केमोच्या पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाल्याचे दिसले होते आणि एक ग्रॅम म्हणजे फार काही नाही. तोंड आल्यावर मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि मध्ये मध्ये तोंडात तूप धरणे. ज्येष्ठमध मी टाळला, कारण तो जास्त दिवस घेतला तर पोटॅशियम कमी होते आणि उलट्यांनी ते आधीच कमी झालेले असते. शेकाच्या दिवसांत कातडीवर शेकाआधी कोणतेही तेल, लेप किंवा हळद लावायची नाही. शेकानंतर काय लावायचे ते तिथली माणसे सांगतात.

काही वैद्यमित्र केमो चालू असताना बस्ती (औषधी एनिमा) देतात. पांढऱ्या पेशी पडलेल्या असताना गुदमार्गात नळी घालणे म्हणजे जंतूंना रस्ता करून देणे आहे. कच्चे रस, गव्हांकुर, गोमूत्र यांबाबतही त्या दिवसांत माझे मत तेच. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पेशी सर्वांत खाली जातात आणि त्या काळात १००.४ फॅरनहाइटपर्यंत ताप गेला तर तो साधा ताप नसतो, काही तासांत जिवावर बेतू शकतो. आमच्याकडे अशा वेळी पहिला उपाय म्हणजे तापाची गोळी आणि काढा. ताप उतरतो, संसर्ग आत वाढत राहतो. म्हणून मी आता केमोच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्या भेटीत औषधाऐवजी थर्मामीटर देतो आणि जवळ कोणत्या रुग्णालयात रात्रीसुद्धा शिरेतून प्रतिजैविके मिळतील, ते कागदावर लिहून देतो. माझी फी अर्थात त्यामुळे बुडते.

काकूच्या काखेतल्या गाठी काढल्यानंतर डाव्या हाताची काळजी हे आयुष्यभराचे काम झाले, आणि मला वाटते, गावातल्या वैद्याचा खरा उपयोग इथे आहे. नागपूरच्या डॉक्टरांना सांगून समजणार नाही, की पऱ्हाटीची वाळलेली बोंडे बोटांना आणि मनगटाला किती ओरखडतात. त्या हातातून लसीका, म्हणजे अंगातला पातळ द्रव (लिम्फ), नीट वाहत नाही, त्यामुळे लहानसा ओरखडाही हात सुजवू शकतो, लाल करू शकतो. शेजारच्या गावातल्या एका बाईच्या अशाच सुजलेल्या हाताला जळवा लावल्या होत्या आणि दुसरीच्या हाताला डागले होते. दोघींचेही हात पुढे पिकले. काकू आता जुन्या पायमोज्याचे पंजे कापून ते कोपरापर्यंत चढवून कापूस वेचते, ओझे उजव्या हाताने उचलते आणि कोणी रक्तदाब मोजायला आले की आधी उजवा हात पुढे करते. हलक्या हाताने, बोटांकडून खांद्याकडे असे चोळण्याची पद्धत मी नागपूरच्या व्यायामतज्ज्ञांकडून शिकून घेतली. आमच्या अभ्यंगाच्या सवयीपेक्षा तो दाब फारच कमी असतो, आणि हात आवरायला मला आठवडाभर लागला.

कॅन्सर मुळापासून बरा करण्याच्या जाहिराती १९५४च्या कायद्याने गुन्हा आहेत, तरी त्या बसस्थानकाच्या भिंतीवर दिसतातच. त्यांच्याबद्दल एवढेच सांगतो, की बऱ्या होऊ शकणाऱ्या कर्करोगांत फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट असल्याचे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले; स्तनाच्या कर्करोगात तो पाच पटींहून जास्त होता. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात जोडीने पूरक उपचार घेणाऱ्यांचाही धोका वाढलेला दिसला, आणि त्याचे कारण ती औषधे नव्हती. त्या लोकांपैकी बऱ्याच जणांनी शस्त्रक्रियेला, केमोला किंवा शेकाला नकार दिला होता. माझ्या दवाखान्यात मी हे पाहिले आहे. पुडीने पोट बरे वाटते, माणसाला गाठच बरी झाल्यासारखे वाटते, आणि पुढची तारीख चुकते.

आता माझ्याकडे एक साधी पद्धत आहे. कॅन्सरचा रुग्ण आला की फायलीशिवाय नाडी पाहायची नाही, आणि जे द्यायचे ते त्याच्या वहीत डाव्या पानावर नाव, प्रमाण, तारीख घालून लिहायचे. उजवे पान नागपूरच्या डॉक्टरांसाठी कोरे. सुरुवातीला उजव्या पानावर बहुतेक ‘बंद करा’ एवढेच यायचे. हल्ली कधी कधी ‘चालेल’ असेही येते, आणि एकदा इसबगोलाच्या नोंदीसमोर ‘कोमट पाण्यातून द्या’ असे आले, तेव्हा मला उगाचच आनंद झाला.

काकूचे टॅमॉक्सिफेन सुरू आहे आणि दर सहा महिन्यांनी आम्ही तपासणीला जातो. मागच्या खेपेस डॉक्टर तिची वही वाचता वाचता थांबले. डाव्या पानावर माझ्या नोंदींच्या खाली, चौथी शिकलेल्या काकूच्या मोठ्या अक्षरात एक ओळ होती: ‘गुडघ्यासाठी बाजारातली पुडी, १५ दिवस.’ मला याचा पत्ताच नव्हता. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते, म्हणून डॉक्टरांनी ती बंद करायला आणि पुढच्या वेळी सोबत आणायला सांगितले. मी काकूकडे पाहिले, तर ती म्हणाली, ‘‘तूच म्हनलं होतं ना, सारं लिवत जा म्हून.’’ उरलेल्या चार पुड्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवल्या आहेत. आमची पुढची तारीख कापूस वेचणीत येते.